फिनेल

बायोगॅसच्या टाकीचं उष्टं-खरकटं टाकायचं तोंड उघडताच शर्वरीच्या नाकात फिनेलचा भपकारा शिरला. एरवी इथं शेणाचा आणि आंबलेल्या भाताचा वास असायचा. तो तिच्या कपड्यांनाही लागायचा, म्हणून मेसमध्ये मैत्रिणी ताट घेऊन लांब सरकायच्या, पण तिला स्वतःला त्याची कधी शिसारी आली नव्हती.

"सर, टाकीत कुणी काय ओतलंय?"

"मीच ओतायला लावलं, चांगले दोन कॅन." तिचे गाईड डॉ. राजोपाध्ये टायची गाठ सारखी करत म्हणाले. "अनुदान समिती येतेय. त्यांच्यापुढे काय ही घाण ठेवायची?"

"अहो सर, आतले जिवाणू मेले असतील! कडाक्याच्या थंडीतही गॅस देत होते ते. खेड्यातल्या बायोगॅसच्या शेगड्या हिवाळ्यात विझू नयेत, म्हणून पोटच्या पोरासारखे जपले होते मी."

"जिवाणूच ना? पुन्हा वाढव. आधी ते पोस्टर सरळ लाव."

तिनं टाकीच्या काचेतून आत पाहिलं. कायम खदखदणारा शेणकाला निपचित पडला होता. एक बुडबुडा नव्हता.

समिती आली. अध्यक्षांनी दारातच छाती भरून श्वास घेतला. "वा! बायोगॅसची प्रयोगशाळा, आणि घाण वास अजिबात नाही!"

"आमच्याकडे स्वच्छ ऊर्जा म्हणजे अगदी स्वच्छ," राजोपाध्ये फुलून म्हणाले.

या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच शर्वरीनं ओढणी नाकाला लावली.

"आता कधीच येणार नाही, सर," ती अध्यक्षांना म्हणाली. "वासही नाही आणि गॅसही नाही."