साठातला खराब फोटो

लेक युन-ची कायमची कॅनडाला निघाली, त्या संध्याकाळी नवरा गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा लावत बसला. “विमानतळावर चल की रे, म्हाताऱ्या!” मी खालून ओरडले. “आभाळ आजच मोकळं झालंय,” एवढंच उत्तर आलं. लेकीनं बॅग उचलली. सकाळी मी सोयाच्या दुधाचा पेला त्याच्यापुढे आदळला. ताओयुआन शहराचे सगळे दिवे अडवून तेजोमेघाचा तांबडा उजेड तेवढा आत सोडणारी त्याची महागडी काच कॉम्प्युटरशेजारी डबीतच पडून होती. रात्रभर काढलेल्या साठ फोटोंपैकी एकोणसाठ त्यानं माझ्यादेखत उडवले. उरलेल्या फोटोत तेजोमेघावरून ठिपक्यांची तिरकी रेघ गेली होती. “हा तर खराब आलाय. असले फेकतोस ना?” त्यानं फोटोखालच्या वेळेवर बोट ठेवलं. तेव्हाच लेकीचं विमान उडालं होतं. “आणि तुझा तेजोमेघ?” मी हळूच विचारलं. “तो काय,” तो म्हणाला, “दर हिवाळ्यात येतो.”