खालची रेष

"हलू नका हं, ताई," म्हणत तंत्रज्ञ बाईनं शिंपीमास्तरांच्या बायकोच्या मानेवर लाल शाईनं शेवटची रेष ओढली. "किरण इथंच थांबणार. गाठ वर राहिली, आवाजाची पेटी खाली."

"म्हणजे आवाज राहील?" मास्तरांनी विचारलं.

"घसा सोलवटेल, चव जाईल, कातडी काळवंडेल. आवाजाला धक्का नाही. फक्त रेषा जपा. पुसल्या तर सगळं नव्यानं आखावं लागतं, आठवडा वाया जातो."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, कानाच्या पाळीपासून खालच्या रेषेपर्यंत धरली आणि खिशातल्या मापांच्या वहीत बायकोच्या पानावर आकडा टिपला.

"अहो, इथंही?" ती हसली.

"असू दे गं. लिहिलेलं बुडत नाही."

दुकानात ती दाराशी बसून काजं-बटणं करी आणि गाई. गाणी तिचीच.

*सुई गेली पुढं पुढं, दोरा मागं येई गं,*
*सुई जाई निघूनिया, दोरा तिथं राही गं.*

मास्तरांचं पायडल त्या चालीवर चाले. ती थांबली की मशीनही अडखळे. गिऱ्हाइकं म्हणत, मास्तर शिवत नाहीत, बाई शिवून घेतात.

त्या आठवड्यात एक जाडजूड गिऱ्हाईक वहीत डोकावलं. "माझी कंबर अडतीस? अहो, छत्तीस आहे मी!"

"शिलाईत जाणारं कापड धरूनच माप उतरवतो, साहेब. कापताना विचार करायला नको."

"म्हणजे तुमच्या वहीत सगळे जाडे!"

ती खो खो हसली. घसा दुखला, तरी हसली.

उपचाराच्या चौथ्या दिवशी तिला ताप भरला. घामानं आणि गळपट्टीच्या घासण्यानं खालची रेष पार निघून गेली. सकाळी आरशात पाहून ती रडकुंडीला आली.

"आता आठवडा जाणार. गाठ काय थांबणार आहे का तोवर?"

"मी आहे ना," मास्तर म्हणाले. त्यांनी वही उघडली, टेप लावली, लाल पेन घेतलं. तीस वर्षं खडू धरलेला हात. रेष अशी उमटली, जणू कधी पुसलीच नव्हती.

"रेष छान जपलीत हो," तंत्रज्ञ बाई त्या दिवशी म्हणाली. बाहेर रांग होती. तिनं मशीनचा उजेड रेषेवर जुळवला आणि दार लावलं.

मग दर दोन दिवसांनी वही, टेप, पेन. तीन आठवड्यांत पाण्याचा घोटही काट्यासारखा उतरू लागला. पाचव्या आठवड्यात मानेची कातडी काळी पडून सोलली. सहाव्यात तिचा आवाज घोगरा झाला. "येईल परत," मास्तर म्हणत. गाठ विरघळली. आवाजही विरघळला. उरला नुसता वारा.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी तिची मान उजेडात धरली. कागद पाहिला, पुन्हा मान पाहिली.

"पहिल्या दिवसाची नोंद आहे. कानाच्या पाळीपासून खालची रेष सव्वातीन इंचांवर. हा डाग बोटभर आणखी खाली उतरलाय. पेटी भाजली. आवाज आता यायचा नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "रेष कधी पुसली होती का?"

बायकोनं मास्तरांकडे पाहिलं.

"एक दिवसही नाही," मास्तर म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "तुमची मशीन चुकली! नाहीतर तुमची माणसं! बायकोचा गळा जाळलात तुम्ही. माझ्याकडे माप आहे, त्याच दिवशी घेतलेलं. लेखी आहे!"

बायको त्यांची बाही ओढत होती. त्यांनी ती सोडवून घेतली, खिशातली वही काढली आणि तिचं पान डॉक्टरांच्या टेबलावर आपटलं.

छाती, कंबर, बाही, पाठ. सगळ्यात खाली, त्या दिवसाच्या तारखेसह: कानाच्या पाळीपासून रेष, पावणेचार.

"हे बघा, पावणे..."

बायकोनं हळूच त्यांचं बोट धरलं आणि पानाच्या माथ्यावर नेऊन ठेवलं. तिथं, वहीतल्या प्रत्येक पानावर असे तसाच, त्यांच्याच वळणदार अक्षरात एक शब्द होता.

शिलाईसह.