हट्टी बापाची भूमिका

“एक हट्टी बाप मुलीला या शाळेत घालायला तयार नाही. त्याला पटवून दाखव,” प्रवेश चाचणीत परीक्षक बाई केतकीला म्हणाल्या. तिच्यासोबत उभं राहायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांनाच, दत्तारामांना, आत बोलावलं.

नववीला महापालिकेच्या नाट्यसंगीत विद्यालयातच जायचं, असं केतकीने ठरवलं होतं. दत्तारामांनी मात्र टेक्निकल शाळेचा फॉर्म आणून ठेवला होता. इथे ते केवळ बायकोच्या आग्रहाखातर आले होते.

भूमिका त्यांना शिकवावी लागली नाही. “नाटकं करून पोट भरतं का? लोक काय म्हणतील?” ते कडाडले.

घरी या प्रश्नांवर केतकी मान खाली घालायची. आज तिने कमरेवर हात ठेवले. “लोक टाळ्या वाजवतात, पप्पा! तीन नाटकं केली मी. दर वेळी पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची धरली. तुम्ही एकदाही आला नाहीत.”

दत्तारामांनी डोळे पुसले. मग ते एकदम हसले. “चौथ्याला येतो. शिट्टीपण वाजवतो!”

केतकीने किंचाळून त्यांना मिठी मारली आणि दोघं तिथेच गरागरा फिरले.

बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, “झकास! प्रवेश संपला. बसा आता.”

“संपला कसा, बाई?” दत्ताराम धापा टाकत म्हणाले. “अजून घ्यायचाय की! सही कुठं करू?”