मोहाच्या झाडापर्यंत

"मग हे कोणत्या कप्प्यात ठेवू, मॅडम?" टीनाने विचारले.

तिच्या हातात दोऱ्याने शिवलेली वही होती. सातवीच्या वर्गातल्या लोखंडी कपाटाला दोन कप्पे होते. वरच्या कप्प्यावर त्यांच्या मॅडमने, हर्षाने, खडूने लिहिले होते 'कल्पित', खालच्यावर 'वास्तव'. निवेदक कोण, पात्रे कोणती, स्थळ कुठले, हे आता पोरे खिचडीच्या रांगेतही एकमेकांना विचारत.

"तूच सांग."

"गाव खरंच होतं ना? मंग वास्तव."

"तेवढ्याने भागत नाही. सांगणाऱ्याला ते नीट ठाऊक हवं. पाहिलेलं, तपासलेलं."

"चंद्रभागा आजीले डोळे मिटूनबी रस्ता येते!" मागून अमर ओरडला. "अजून का तपासता?"

हर्षा हसली. वही खालच्या कप्प्यात गेली.

वहीचे नाव 'उमरटोला'. धरणाच्या पाण्याखाली गेलेले गाव. हर्षा तिथेच जन्मली, पण गाव उठले तेव्हा ती दीड वर्षाची होती. आई लवकर गेली. वडिलांना घराबद्दल विचारले की ते उठून गोठ्याकडे जात, गोठा रिकामा झाल्यावरसुद्धा. आता तेही नव्हते. फोटो एकही नव्हता. बीएस्सी झालेली, प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारी हर्षा आपल्या जन्मघराबद्दल एक वाक्यही खात्रीने लिहू शकत नव्हती.

म्हणूनच तिने पुनर्वसन वसाहतीतली ही शाळा मागून घेतली होती. इथे आल्यावर कळले की वसाहत दुसऱ्याच गावांची. उमरटोल्याची माणसे जिकडे जमले तिकडे पांगली होती. भेटली ती एकटी चंद्रभागाबाई. अड्याळला भावाकडे राहायची आणि शाळेत खिचडी शिजवायला रोज चालत यायची. हर्षाने पहिल्यांदा गावाचे नाव घेतले तेव्हा तिच्या हातातला झारा पातेल्यातच थांबला होता.

"तुम्ही तिथल्या का, मावशी?"

"तिथलीच म्हना."

त्या दिवसापासून पोरे जेवत आणि ती सांगत बसे. "तलावाच्या पाळीवरून उतराचं. उजव्या हाताले मारुती. पुढं विहीर, दोन रहाटाची. मंग मोहाचं झाड. त्याच्याखाली उभं राहाचं अन् हाक माराची."

पोरांनी ते उतरवून घेतले, नकाशा काढला.

महिनाभर हर्षाने स्वतःला आवरले. मग एका दुपारी पोरे हात धुवायला गेल्यावर तिने विचारले, "आमचं घर आठवतं का हो, मावशी? ईश्वरजींचं, माझ्या बाबांचं?"

चंद्रभागाबाई तिच्याकडे बघत राहिली. "लय पाहावंसं वाटते का, मॅडम?"

"हो."

"मोहाच्या समोरचंच तुमचं. निळं दार. दारावर पितळेचा मोर ठोकला हाये. ओट्यावर दोघं बसतीन, येवढीच जागा."

"आणि आत?"

"आत अंधार असते. उन्हातून आलं का काही दिसत नाही." पदराला हात पुसत ती चुलीकडे वळली.

वहीचे शेवटचे पान हर्षाने स्वतः काढले. निळ्या रंगाची अख्खी कांडी त्या दारावर संपली.

पुढच्या आठवड्यात निवेदक कुठे उभा असतो हे ती शिकवत होती. टीनाने हात वर केला. "मॅडम, आजी गोष्टीत नेहमी गावात येतेच. गावातून बाहेर जात काहून नाही कधी?"

"तुह्यासारखी पायात भिंगरी नाही तिच्या," अमर म्हणाला. वर्ग हसला.

"परतीचा रस्ता तोच असतो, म्हणून सांगत नसेल," हर्षा म्हणाली.

शनिवारी पोरांनी बनवलेल्या वह्या पालकांसाठी मांडल्या होत्या. सिहोऱ्याहून एस.टी.ने एक म्हातारे आले. सोमाजी. उमरटोल्याचे. वहीची बातमी नात्यागोत्यातून त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते फाटकातून आत शिरले, तशी चंद्रभागाबाईने घासायची भांडी उचलली आणि ती स्वयंपाकखोलीत गेली.

सोमाजी ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. "पाळ बराबर. मारुती बराबर. विहीर... दोन रहाटाची, बराबर." प्रत्येक 'बराबर'सरशी हर्षाला हलके वाटत होते. तपासून झाले होते. आता एकच पान.

ते त्यांनी उघडले. बोट मोरावर थांबले.

"हे कोनाचं घर म्हनता?"

"आमचं. ईश्वरजींचं. मी त्यांची मुलगी."

"ईश्वरची पोर का तू?" त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. "तुमचं घर नदीच्या अंगाले होतं, बाई. गावाच्या दुसऱ्या टोकाले. हे तं आमचं. हा मोर माह्या मोठ्या भावानं ठोकला होता, लग्न जुळलं तवा."

"पण चंद्रभागामावशी म्हणाल्या..."

"कोन चंद्रभागा? अड्याळची?"

सोमाजी बाकावर बसले. स्वयंपाकखोलीतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"माह्या भावासंगंच लग्न ठरलं होतं तिचं. साक्षगंधाले तो तिले आमच्या घरचा रस्ता सांगत बसला होता. सारे हसून राहिले होते. पाळीवरून उतर, मोहाखाली उभी राय, हाक मार, मी येतो म्हने. लग्नाले आठ दिवस होते. बांधावर साप चावला त्याले, त्यातच गेला."

त्यांनी वही मिटून हर्षाच्या हातात दिली.

"उमरटोल्यात तिचा पाय कधी पडलाच नाही, मॅडम."