गोठ्यातली शेगडी

मोहरीचा सॉस तळाला लागू नये म्हणून बोडिल पळी फिरवत उभी होती, तेवढ्यात पाहुणा स्वयंपाकघराच्या दारात आला. हाइको त्याचं नाव. वर्षाचा शेवटचा दिवस डेन्मार्कच्या खेड्यात काढायला तो बायकोला घेऊन फ्लेन्सबुर्गहून आला होता आणि बोडिलच्या गोठ्यात उतरला होता. गायी विकून बरीच वर्षं झाली होती. गेल्या उन्हाळ्यात बोडिल आणि तिचा नवरा थोरकिल्ड यांनी तिथे पलंग टाकले, पडदे लावले, छपरातून धुराडं काढून एक जुनी लोखंडी शेगडी बसवली आणि भाडेकरू घ्यायला सुरुवात केली. हाइकोला आणखी सुकी लाकडं हवी होती. शेगडी झकास पेटते म्हणाला, अगदी लाल होते.

"आमच्याकडे अशी बसवली, तेव्हा आधी विमा कंपनीला कळवावं लागलं," लाकडं कवेत घेत तो म्हणाला. "न कळवता घर जळलं तर दमडी देत नाहीत. तुमचं तर गवताचं छप्पर. तुम्ही कळवलं असेलच."

"हो तर," बोडिल म्हणाली.

तो गेल्यावर पळी हातात तशीच घेऊन ती अंगणात धावली. थोरकिल्ड नळीनं छपरावर पाणी मारत होता. फटाक्यांचा एखादा बाण गवतात येऊन रुतू नये म्हणून वर्षाच्या या दिवशी तो छप्पर भिजवून ठेवी. गावात सगळ्यांच्या आधी त्याची नळी जोडलेली असे आणि त्याचा त्याला भारी अभिमान. शेगडीचं कंपनीला कळवलंस ना, तिनं विचारलं.

"विम्याचा फोन तूच घेतेस की," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात आला होता."

आला होता. दरवर्षी येई. एक गोड आवाजाची मुलगी विचारी, घरात काही बदललंय का? बोडिलला वाटे, पोरगी रीत म्हणून चौकशी करते. आपल्या घरचं चऱ्हाट परक्यापुढे वळत बसणं त्या गावात कुणाला आवडत नसे. म्हणून याही वेळी ती म्हणाली होती, आमच्याकडे काय बदलणार, बाई, सगळं तसंच आहे. वर, आपण तिचा वेळ खाल्ला नाही म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं होतं. कंपनीच्या लेखी गोठा अजून रिकामाच होता.

तिनं फोन लावून पाहिला. ध्वनिमुद्रित आवाजानं नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या आणि सुट्टीनंतर फोन करायला सांगितलं. गोठा आणि घर एकाच छपराखाली होतं, आणि या घराशिवाय दोघांकडे दुसरं काहीही नव्हतं.

शेगडी विझवायला सांग, म्हणून तिनं थोरकिल्डला गोठ्याकडे पिटाळलं. तो बऱ्याच वेळानं परतला, तोंडाला दारूचा वास घेऊन. त्यांनी बळंच बसवलं, म्हणाला. बायको शेगडीपाशी पाय शेकत बसलीय, बाहेर एवढा गारठा, कुठल्या तोंडानं सांगायचं? सकाळी बघू.

सहा वाजले आणि राजाचं भाषण सुरू झालं. सगळं गाव टीव्हीपुढे बसलं. ते संपेपर्यंत गावातलं वांडातलं वांड पोरही वातीला काडी लावत नसे. थोरकिल्ड आत गेला. बोडिल अंगणातच थांबली. गोठ्याच्या धुराड्यातून ठिणग्या उडत होत्या, छपरावर येऊन विझत होत्या. खालचं गवत ओलं चिंब होतं. वरच्या आढ्यापर्यंत मात्र नळीचं पाणी पोचलंच नव्हतं, ते कोरडं ठाक होतं.

राजा फार पाल्हाळ लावतो अशी तिची दरवर्षीची तक्रार. आज तिला वाटलं, त्यानं बोलतच राहावं. ग्रीनलंडची आठवण काढावी, समुद्रावरच्या खलाशांची काढावी, कुणालाही वगळू नये. पण खिडकीतून शेवटचे शब्द ऐकू आलेच. देव डेन्मार्कचं रक्षण करो.

"ये गं आत," थोरकिल्डनं हाक मारली. "मासा निवतोय."

चर्चच्या मागून पहिला बाण शिट्टी घालत वर चढला. बोडिल आढ्याकडे बघत होती. मग विम्याच्या त्या मुलीशी फोनवर बोलायची, तशाच अदबीनं ती अंधारात म्हणाली, "बदललंय, बाई. आमच्याकडे बदललंय."