आपण बघू

ठमीच्या करंगळीवरची पट्टी अंगठ्याहून जाड झाली होती. आईच्या मांडीवर बसून ती त्या पट्टीकडे दुसऱ्याच कुणाची वस्तू असावी तशी बघत होती.

"दोन वर्षांची पोर आहे हो," तिची आई म्हणाली.

नवे साहेब मोठ्या बाईंच्या खोलीत बसून ऐकत होते. त्यांच्या कंपनीने पाळणाघर घेतल्यापासून भिंतींना रंग लागला होता आणि प्रत्येक खोलीला नवं, आपोआप बंद होणारं दार. ते लागायचं तोफ डागल्यासारखं. मुलं सांभाळणाऱ्या ताईने पहिल्याच दिवशी आपल्या बाळाचं जुनं पिवळं दुपटं चौघडी करून बिजागरीत कोंबलं. साहेब पाहणीला यायच्या सकाळी मोठ्या बाईंनी ते स्वतःच्या हाताने ओढून काढलं. पाहुण्यांपुढे लक्तरं कशाला, म्हणाल्या. ताईने पोरांच्या बोटांची भीती बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"अगं, आपण बघू ना. मी आहे की."

बाईंचं हे 'आपण' सगळ्यांच्या ओळखीचं. पगार लांबले तेव्हा आपण, मालक बदलले तेव्हाही आपण. त्या एका शब्दाच्या भरवशावर कुणी नोकरी सोडली नव्हती. ताईने तर स्वतःचं तान्हं बाळही इथेच, पलीकडच्या खोलीत ठेवलं होतं.

"दार इतक्या जोरात लागतं, हे कुणाला माहीत होतं?" ठमीच्या आईने विचारलं.

ताईने बाईंकडे पाहिलं. बाई टेबलावरची पेन्सिल सरळ करत होत्या.

"आम्हाला कुणी कळवलं नव्हतं," त्या म्हणाल्या, साहेबांकडे बघून.

आम्हाला. त्या शब्दात कोण कोण बसतंय, ते ताईने चाचपून पाहिलं. तिच्यापुरती जागा नव्हती.

"बाई, मी तुम्हाला त्याच दिवशी..."

"मुलांवर लक्ष तुम्ही ठेवायचं असतं."

इतकी वर्षं बाई तिला अगं म्हणत आल्या होत्या.

साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं की उद्यापासून येऊ नका, बाळाचीही सोय दुसरीकडे बघा. बाईंनी पेन्सिल पुन्हा सरळ केली. ठमीच्या आईने लेकीला पोटाशी ओढलं आणि इतके दिवस आपण पोर कुणाच्या हाती दिली होती, अशा नजरेने ताईकडे पाहिलं.

ताई उठली. बाहेर पडताना, दार आपटू नये म्हणून सवयीने तिचा हात मागे गेला.

हात लावायची गरजच पडली नाही. बाईंच्या खोलीचं दार अलगद आलं आणि आवाज न करता थांबलं. बिजागरीत पिवळं दुपटं होतं. चौघडी तिच्याच हातची.