अळणी

"एकमेकांच्या जवळ येऊ द्यायचं नाही, लांबही जाऊ द्यायचं नाही. अंतर राखलं, तरच दिसतं."

राजेश्वरीनं सांगितलेलं हे कुशाबाईंना स्तोत्रासारखं पाठ होतं. बारामतीत राजेश्वरी दोन उपग्रहांचं काम बघायची. आभाळात ते शेजारी-शेजारी फिरत. एकाच ताऱ्याचा उजेड दोघांनी धरायचा आणि एकात एक मिसळायचा. नीट मिसळला, की उजेड-अंधाराचे पट्टे उमटणार. मग दोन लहान डोळ्यांचा एक थोरला डोळा होणार. पण धडकले, तर दोघंही संपले.

आषाढात ते वर गेले. त्या दिवसापासून लासुर्ण्यात कुशाबाई अळणी जेवत होत्या.

"कशापायी गं एवढं?" शेजारच्या भागुबाईनं विचारलं.

"जोडी जमू दे म्हणून."

भागुबाईनं गावभर केलं. राजेश्वरी आणि तिचा नवरा रणजित पुन्हा एक व्हावेत म्हणून म्हातारीनं मीठ सोडलंय! कुशाबाईंनी कुणाचं बोलणं खोडून काढलं नाही.

रणजितलाही ते खरंच वाटलं. बायकोनं नोकरी सोडून नांदायला यावं, म्हणून त्यानं इंदापूरच्या कोर्टात दावा लावला होता. राजेश्वरीचं मनगट कुणी मोडलं, ते पाहणारं माणूस एकच होतं. आज कुशाबाईंची साक्ष होती.

तुळशीला पाणी घालून त्या वळल्या, तोच फोन वाजला.

"आई, जमलं! पट्टे दिसले! आता आज मीठ खायचं हं."

"माझी बाय ती! खाईन. सांजच्याला."

"आत्ता का नाही?"

"उंबऱ्यावर पहिल्यांदा तुला ओवाळलं, तवा तुझ्या कानात एक शब्द दिलता, पोरी. तेवढा पाळून येते."

ओट्यावर रणजित चहा पीत बसला होता.

"काय म्हणती शास्त्रज्ञीण? जुळले का आभाळातले डबे?"

"जमली त्यांची जोडी."

"ब्येस. आता हितली जमू द्या म्हणावं."

"ती जोडी जवळ आली की फुटती."

रणजित हसला. "नवराबायकू काय उपग्रह हायत व्हय? एका छपराखाली ऱ्हायचं आसतं. कोर्टात एवढंच सांगायचं, ओट्यावरनं पाय घसरला, पडली. वकिलानं शिकवलंय तसं."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

रणजितनं कप खाली ठेवला. त्याचा आवाज उतरला.

"खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं."

कुशाबाईंनी देव्हाऱ्यातला दिवा सारखा केला. कपाळाला अंगारा लावला. पिशवी काखेला अडकवली आणि पायरी उतरल्या.

"आषाढापासनं चाखलंय का म्या तुझं मीठ?"

रणजित उठून उभा राहिला. पण तोवर त्या अंगण ओलांडून रस्त्याला लागल्या होत्या. समोरून इंदापूरची एसटी येत होती.

"आई!" तो मागून ओरडला. "जल्म मला दिलायस तू, तिला न्हाय!"

कुशाबाईंनी एसटीला हात केला.